पिवळ्या खोलीतली अंडी

पिवळ्या खोलीवरून जाताना सासूबाईंची पावलं आपोआप भरभर पडत. खोली बाळासाठी रंगवायला घेतली होती. तीन भिंती पिवळ्या झाल्या आणि बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. चौथी भिंत तशीच पांढरी राहिली. सून इस्पितळातून रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या होत्या, "तरी मी सांगत होते, जिने चढू नकोस. काय केलंस गं हे?"

त्यानंतर त्या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. आपण सगळे दुःखावर असंच पांघरूण घालतो, नाही का?

बायकोचं मन रमावं म्हणून सासूबाईंच्या मुलाने एक पाल आणली. भिंतीवरची नव्हे, बिबट्यासारखी ठिपक्यांची, जाड शेपटीची, काचेच्या पेटीत पाळायची. तो तिला 'राणीसरकार' म्हणे. सासूबाईंनी नाक मुरडलं. "लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. आमच्याकडे सगळंच जगावेगळं!" पेटी पिवळ्या खोलीत गेली. दुपारी घरात एकट्या असताना बंद दारामागे काहीतरी खसपसे आणि सासूबाईंच्या अंगावर काटा येई. आत पालच आहे हे पक्कं ठाऊक असूनही!

राणीसरकार आल्या त्या पोटात अंडी घेऊनच. एका सकाळी पेटीतल्या ओल्या शेवाळात दोन अंडी दिसली. सून इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती, हात अगदी स्थिर. तिने ती जशी पडली होती तशीच, जराही कलंडू न देता उचलली. पेन्सिलीने प्रत्येकाच्या माथ्यावर ठिपका दिला, एका झाकणाच्या डबीत, रोपवाटिकेतून आणलेल्या हलक्या ओलसर चुऱ्यात ती ठेवली आणि डबी उबेला ठेवली.

"आई, यांना हात लावू नका हं," ती म्हणाली. "आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. अंडं फिरलं तर तो जातो. ठिपका कायम वर हवा."

सासूबाईंना ते काही पटलं नाही. त्यांच्या माहेरी कोंबड्या होत्या, आणि खुडूक कोंबडी चोचीने अंडी सारखी फिरवते हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. या आजकालच्या मुलींना काय कळतंय! सून कामावर गेल्यावर त्यांनी डबी उघडली. हेतू वाईट नव्हता हो, उलट मायाच होती. एक अंडं त्यांनी उलटं करून ठेवलं. दुसऱ्याला बोट लागणार, तोच मागून आवाज आला. बारीक, तान्ह्या बाळाने कण्हावं तसा. पेटीतली पाल त्यांच्याकडे टक लावून बघत होती. झाकण लावून त्या बाहेर पळाल्या, आणि उलटं अंडं उलटंच राहिलं.

डबी सारखी उघडायची नसते, म्हणून सुनेने ती बऱ्याच दिवसांनी उघडली. एक अंडं चेपून बसकं झालं होतं, त्यावर बुरशी धरली होती.

"ठिपका खाली कसा गेला?" ती स्वतःशीच बोलली. "ठेवतानाच माझा हात चुकला असणार. माझ्याकडे काही जगतच नाही."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. सुनेने स्वतःला लावलेला हा दोष मुळात त्यांनीच तिला दिला होता!

मग त्या खोलीने त्यांचा पिच्छा सोडला नाही. नळ सोडला की पाण्याच्या आवाजात ते कण्हणं ऐकू येई. शेवटी ते बसकं अंडं चष्म्याच्या डबीत घालून त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"मी फिरवलं म्हणूनच गेलं ना हो?"

डॉक्टरीणबाईंनी अंडं उजेडात धरलं. "असेल. नसेलही. काही अंड्यांत जीव धरतच नाही. काहींत धरतो आणि मधेच थांबतो, कुणी हात लावला नाही तरी. आता सांगता येणार नाही."

"पण कुणाचं तरी चुकलंच असेल ना!"

"का असायला हवं? दोष शोधायला निघालं की सगळ्यात जवळचं माणूस हाती लागतं, आणि ती बहुतेक वेळा आईच असते. एका अंड्यापायी तुमची काय दशा झालीय बघा. पोटच्या पोराबद्दल हेच एखादीला कुणी ऐकवलं, तर तिने कसं जगायचं?"

"ऐकवलंय," सासूबाई पुटपुटल्या. "मीच ऐकवलंय."

त्या घरी आल्या, तर पिवळ्या खोलीचे पडदे ओढलेले होते. सून दुसऱ्या अंड्यावर, ते न हलवता, छोट्या बॅटरीचा प्रकाश धरून बसली होती. आत केसाएवढ्या लाल शिरा दिसत होत्या. सासूबाई पहिल्यांदाच त्या खोलीत सावकाश शिरल्या.

"ते अंडं मी उलटं केलं. तुझा हात चुकला नव्हता. आणि तेव्हाही तुझं काही चुकलं नव्हतं गं! दुःख मलाही झालं होतं, ते मी तुझ्या माथी मारलं."

सुनेने बॅटरी विझवली. सासूबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"कशी दिसत होती गं ती?"

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता!

"केस होते, आई," सून कशीबशी म्हणाली. "दाट. आणि हनुवटी... तुमच्यासारखी." मग दोघींनाही रडू आवरलं नाही.

वाचकहो, मूल गमावलेली बाई तुमच्याही घरात, शेजारात, कचेरीत असेल. तिला "काय केलंस" असं विचारू नका. तो प्रश्न ती स्वतःला रोज विचारतेच आहे. तिला फक्त "कसं होतं गं बाळ?" एवढं विचारा, आणि ती सांगेल ते गप्प बसून ऐका.