हिरवी पेन्सिल

मिनीॲपोलिसच्या आमच्या प्रकाशनगृहात एकोणीस वर्षं ऑर्व्हिल हॅचरच्या कादंबऱ्या मीच तपासत आले. वाक्याच्या मधेच दोन डॅश टाकून आडरानात शिरायची त्याला भारी खोड. नायिका दार उघडत असते. तेवढ्यात डॅश, तिच्या आत्याच्या संधिवाताची कथा, पुन्हा डॅश, आणि मग बाईसाहेब घरात शिरणार! डॅशमधलं सगळं मी हिरव्या पेन्सिलीने उडवायची. लेखकाला पटलं नाही, तर समासात ‘राहू द्या’ लिहून तो ते परत आणू शकतो. हॅचरने एकदाही तसं लिहिलं नाही. दोन शब्द कौतुकाचेही कधी लिहिले नाहीत, पण ते असो.

मग टेसा आली. वय सव्वीस, पेन्सिल जांभळी. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मुख्य संपादक ग्लेनने हॅचरची नवी कादंबरी तिला देऊन टाकली. तिने एकही डॅश काढला नाही. उलट समासात लिहिलं, ‘इथे खूप हसले!’ हॅचरच्या बायकोने तिला डबाभर लेमन बार पाठवले. मला एवढ्या वर्षांत लिंबाची सालसुद्धा आली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

“घ्या ना व्हर्ना, एक तरी.”

“मला गोड चालत नाही,” मी म्हणाले, आणि दुपारी तिच्यासमोरच डोनट खाल्ला.

आभाराचं पान शेवटी आलं तेव्हा टेसा बहिणीच्या लग्नाला डुलुथला गेली होती.

“एकच पान आहे, व्हर्ना. नजर टाक, हॅचरला दाखवतो आणि छापायला सोडतो,” ग्लेन म्हणाला.

पहिलाच शब्द ‘टेसाचे’. लगेच डॅश, ‘किती हसली ती!’ आणि पुढे चार ओळी लांबण. चार ओळी, त्या पोरीसाठी! पुढचं मी वाचलंच नाही. हिरवी रेघ अशी दाबून ओढली की शिसं मोडलं. उरलं एवढंच: ‘टेसाचे मनापासून आभार.’

पुस्तक छापून आलं त्या दिवशी टेसा ते जुनं पान घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“हे का काढलंत?”

“आभारात पाल्हाळ शोभत नाही, बाई.”

“अहो, पण हे तुमच्याबद्दल आहे.”

मी चष्मा लावला. हिरव्या रेघेखाली अक्षरं दिसत होती: ‘टेसाचे — किती हसली ती! पण एकोणीस वर्षं माझी बडबड खुडून मला वाचक मिळवून दिले ते व्हर्नाने. तिच्याशिवाय मी लेखक झालोच नसतो — मनापासून आभार.’

खाली हॅचरची शाईतली ओळ होती: ‘व्हर्नाला नको असेल तर नको. तिचंच बरोबर असतं.’

मी पेन्सिलीला टोक केलं आणि समासात लिहिलं, ‘राहू द्या’. शेजारी पाच हजार प्रतींतली पहिली प्रत पडली होती.