जमिनीवरच चाललेलं इंजिन

व्हर्लिन डर्क्सला विमान उडवण्यापेक्षा तपासायचीच हौस जास्त, असं प्लॅट नदीकाठच्या त्या छोट्या धावपट्टीवर सगळेच म्हणायचे, आणि खोटं काय होतं त्यात? चार सीटचं जुनंपुराणं विमान, त्याच्या लग्नाइतकंच जुनं; पण इंजिनावर तेलाचा एक ओघळ शोधून दाखवा! एखादा स्क्रू सैल वाटला, की उड्डाण रद्द. वारा जरा फिरला, की रद्द. बायको आर्लिस कोट घालून तयार, आणि हा कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "आज नको. पुढच्या आठवड्यात बघू."

तिचं मागणं तरी केवढं! मार्चमध्ये क्रौंच पक्ष्यांचे थवेच्या थवे नदीत उतरतात, ते एकदा उंचावरून बघायचे, नदीभर पसरलेले. तिच्या नजरेत मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत चालला होता. पुढच्या मार्चला फारसं दिसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं, तेव्हा कुठे हा गृहस्थ जागा झाला. या शनिवारी नक्की, म्हणाला. फक्त आधी तेल बदलू आणि तेलाचा फिल्टर कापून आत धातूचा कीस नाही ना, ते बघू.

शनिवारी सकाळी शेडमध्ये हीटरजवळ आर्लिस खुर्ची टाकून बसली. गळ्यात लाल स्कार्फ, मांडीवर खिमा-कोबी भरलेल्या पावांचा डबा. व्हर्लिनने फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरल्या. चमचम दिसली. चुंबक फिरवलं, तर त्याला लोखंडाच्या किसाची दाढीच फुटली.

शेजारच्या शेडमधून मर्ल ह्रुस्काला बोलावलं. मर्ल मेकॅनिक, शाळेपासूनचा दोस्त. "काय रे, नवरी अजून सजतेच आहे का?" असं विमानाकडे बघत म्हणत आला, आणि चुंबक दिसताच बाह्या सरसावू लागला. दोघांनी मिळून एक सिलिंडर उतरवला. मर्लने आत टॉर्च मारला. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट गंजून खरवडला गेला होता.

"वर शेवटचं कधी नेलं होतंस?"

"झाली असतील दोनेक वर्षं. पण नुसतं पडून नव्हतं हां! दर रविवारी दहा मिनिटं चालवत होतो. इथेच, शेडसमोर. गंजू नये म्हणूनच तर!"

मर्लने कपाळाला हात लावला. "अरे देवा! जमिनीवर दहा मिनिटांत तेल तापतं का कुठे? आत नुसतं दमट होतं, पाणी सुटतं, आणि ते आतच राहतं. दर रविवारी पाणी पाजलंस की त्याला! तासभर वर फिरवून आणलं असतंस, तर सगळी वाफ होऊन निघून गेली असती. दुसरं काही नको होतं त्याला."

व्हर्लिनने हे वाचलं नव्हतं थोडंच? वाचलं होतं. पण असं निष्काळजी लोकांच्या इंजिनांचं होतं, आपल्या नाही, असं धरून बसला होता शहाणा!

"एकच चक्कर, मर्ल," तो म्हणाला. "नदीपर्यंत जाऊन परत."

"तू एकटा जाऊन मर हवं तर. हिला घेऊन?"

व्हर्लिन उतरवलेल्या सिलिंडरवर फडकं टाकू लागला.

"उघडून दुरुस्त होईपर्यंत सप्टेंबर उजाडेल," मर्ल म्हणाला आणि हात पुसत बाहेर गेला. उगाच थांबला नाही, बरं केलं.

आर्लिस हसली. त्या हसण्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. "गंमतच आहे, नाही? मीही तेच मागत होते की रे. वर ने म्हणून."

"तुझ्यासाठीच जपत होतो गं."

"माहीत आहे मला. म्हणून तर भांडले नाही कधी. भांडायला हवं होतं."

संध्याकाळी तो तिला गाडीने नदीवर घेऊन गेला. क्रौंच उतरत होते, कानठळ्या बसतील असे ओरडत. काठावरून पहिली रांग तेवढी दिसायची. मागचे सगळे त्या रांगेआड. आर्लिसने मान तिरकी करून पाहिलं, मग समोरून, मग परत तिरकी.

"मला करडं धुकं दिसतंय," ती म्हणाली. "वरून कसं दिसतं, ते तू सांग. तू तर पाहिलं असशील."

व्हर्लिनने तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कितीतरी वेळा मार्चमध्ये या नदीवरून तो गेला होता, एकटाच, दर वेळी दुरुस्तीनंतरची चाचणी म्हणून. आणि दर वेळी त्याचे डोळे तेलाच्या काट्यावर होते. खाली त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"सांग ना," आर्लिस म्हणाली आणि डोळे मिटून ऐकायला बसली.