उसनी फुंकर

पत्र दोनच ओळींचं होतं. निवृत्तीच्या वेळी हवालदारांची फुंकर सहाशे वीस भरली होती, ही पहिली ओळ. सबब आजचा फुप्फुसाचा आजार नोकरीमुळे झालेला नाही, ही दुसरी. पहिली ओळ कार्ड बघून लिहिलेली, दुसरी पहिलीवरून, आणि दोन्हींच्या खाली गोल शिक्का. मिस्त्रीने पत्र चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. सहाशे वीस काही जागचं हललं नाही.

मिस्त्री हे त्याचं आडनाव नव्हे. पलटणीत जनरेटर त्याच्या ताब्यात असायचा, म्हणून मिस्त्री. आता तो सत्तरीला टेकला होता आणि त्याच्या नाकात नळी होती. नळीचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या ऑक्सिजनच्या मशीनला. नळी बाथरूमच्या दारापर्यंत पोचायची, आत पोचायची नाही, त्यामुळे आतलं सगळं घाईघाईत उरकावं लागायचं. मशीनही घरचं नव्हतं. शेजारणीच्या आईचं, ती गेल्यावर वापरायला दिलेलं. आता ते शेजारणीच्या सासऱ्यांना लागणार होतं. "महिनाअखेरपर्यंत राहू द्या हो, काही घाई नाही," असं ती दोनदा सांगून गेली, आणि ज्याला घाई नसते तो दोनदा सांगत नाही. आजार नोकरीमुळे झाला असा कागद मिळाला, तर सैनिकी इस्पितळ आपलं मशीन घरी देणार होतं, कायमचं. नाही मिळाला तर पुढे काय, हे बायको बोलत नव्हती आणि मिस्त्री विचारत नव्हता.

आजार कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बर्फातल्या चौकीवर तीन हिवाळे. जनरेटर बाहेर ठेवला की डिझेल गोठायचं, डिझेल गोठलं की वायरलेस मुका व्हायचा, आणि वायरलेस मुका झाला की साहेबाला कंठ फुटायचा. म्हणून जनरेटर बंकरच्या आत. धुराचा पाइप छतातून बाहेर काढलेला, पण बर्फ पडला की तो बुजायचा आणि सगळा धूर आत. इंजिनाचा आवाज बदलला की जाग यावी म्हणून मिस्त्री त्याच्या उशाशीच झोपायचा. सकाळी थुंकी काळी पडायची. तिसऱ्या हिवाळ्यानंतर तो चौकीवरून खाली उतरला, तेव्हा खोकलाही त्याच्याबरोबर उतरला.

मग दरवर्षीच्या तपासणीत तो पकडला कसा गेला नाही? तर पलटणीची एक रीत होती. तपासणीत फुंकरीचं यंत्र असायचं. पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, जीव खाऊन फुंकायचं, काटा सरकायचा. साडेचारशेला पास. त्याखाली गेलास तर तुझी वैद्यकीय श्रेणी उतरली, बढती गेली, आणि पलटण सोडून कुठल्या तरी भांडारात चादरी मोजायला बस. यंत्र पडद्यामागे, डॉक्टर पडद्याच्या अलीकडे कार्डं घेऊन बसलेला, आणि पडद्यामागचा मदतनीस आपल्यातलाच. तेव्हा ज्याची छाती वाजते त्याने आत जाऊन नुसतं उभं राहायचं, आणि त्याच्या नावावर भोंग्याने फुंकायचं.

भोंगा म्हणजे पलटणीचा बिगुलवाला. त्याने बिगूल वाजवला की तीन टेकड्यांपलीकडची कुत्री उठून बसत. अशी छाती असलेला माणूस हाताशी असताना पलटणीने वाया घालवला असता तर नवल. अकरा जणांची फुंकर तो एकटा भरायचा. याला ते उसनी फुंकर म्हणायचे, आणि त्यात पाप आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. उलट त्या दिवशी भोंग्याला दुप्पट जेवण मिळायचं. मिस्त्रीचं तर लग्नही भोंग्यानेच ठरवलं होतं, आणि त्याच्या नावावर तो लागोपाठ चार वर्षं फुंकला. निवृत्तीच्या वर्षीची फुंकरही त्याचीच.

तीच आता आडवी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पत्राचं कळताच भोंगा आला. आता त्याला कवळी होती, गुडघे कुरकुरत होते. "मी अपिलात येतो," तो दारातूनच म्हणाला. "सांगतो, ती फुंकर माझी होती म्हणून."

"डोकं फिरलंय तुझं?" मिस्त्री म्हणाला. एवढ्यावर त्याला दम लागला. थोडं थांबून त्याने वाक्य पुरं केलं. "खोटी नोंद केली म्हणून दोघांचंही पेन्शन बंद करतील."

"माझी म्हातारी म्हणते, झालं तर झालं. ती सोसेल."

"अहो भावोजी," मिस्त्रीची बायको चहा ठेवत म्हणाली, "यांचं ऐकू नका तुम्ही. हे आयुष्यभर गप्प बसले. खोकला लपवला, बढती मिळवली, मला क्वार्टरमध्ये दोन खोल्या जास्त मिळाल्या. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. आता त्या दोन खोल्या परत घ्या आणि यांना श्वास द्या म्हणावं."

मिस्त्री खाली मान घालून चहा फुंकू लागला. चहा फुंकण्याइतकी हवा अजून होती.

अपिलाचा दिवस आला. इमारत जुनी, बोर्ड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टवर 'बंद' अशी पाटी. छातीच्या रोग्यांचं बोर्ड दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्या माणसाला एकदा तरी भेटावं, असं मिस्त्रीला वाटलं. हातात छोटा सिलिंडर, प्रत्येक पाचव्या पायरीवर मुक्काम. बायकोला खालीच बाकावर बसवलं, आणि भोंगा त्याच्या मागे, पडला तर झेलायला.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई आणि एक कारकून. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने स्वतः उठून खुर्ची दिली, मग यंत्र पुढे केलं. मिस्त्रीने फुंकलं. काटा एकशे चाळीसवर थांबला आणि मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"तुम्ही आजारी आहात, याबद्दल वादच नाही, हवालदार," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुमच्या कार्डावर सहाशे वीस आहे. एवढी फुंकर तर पोहणाऱ्या पोरांची पण नसते. इथे साडेचारशे, पाचशे असं काही असतं ना, तर मी लिहिलं असतं की आजाराची सुरुवात नोकरीत झाली. सहाशे वीसपुढे मी काय लिहू?"

मिस्त्रीने भोंग्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. पण भोंगा उठला होता. पाय जोडून, छाती काढून, जसा ध्वजासमोर उभा राहायचा तसा.

"मॅडम, ती फुंकर माझी आहे."

त्याने सगळं सांगितलं. पडदा, मदतनीस, अकरा जण. कारकुनाने पेन खाली ठेवलं. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही फुंकली होती? सहाशे वीस?"

"दर वेळी, मॅडम. एकसुद्धा कमी नाही."

"मग दाखवा," ती म्हणाली आणि नवी पुठ्ठ्याची नळी लावून तिने यंत्र त्याच्या हातात दिलं.

भोंग्याने कवळी काढून रुमालात ठेवली. गाल आत गेले. त्याने डोळे मिटले, खांदे वर घेतले आणि फुंकलं. ओठांच्या कडेने निम्मी हवा फसकन निसटली. दोनशे नव्वद. त्याने पुन्हा फुंकलं. दोनशे साठ. तिसऱ्यांदा तो लालबुंद झाला, मानेच्या शिरा ताठरल्या, आणि मिस्त्रीला पाहवेना. दोनशे दहा.

"पुरे, आजोबा," बाईने यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. "मित्रासाठी इथवर आलात, ते मला समजतं. पण तुम्हा दोघांची बेरीज केली तरी सहाशे वीस होत नाही."

"माझं कार्ड काढा की," भोंगा बोळक्या तोंडाने म्हणाला. "त्याच तारखेला माझ्या नावावर पण सहाशे वीसच असेल."

कारकुनाने मान हलवली. "यांच्या अर्जात तुमचं कार्ड उघडता येत नाही. तुम्ही वेगळा अर्ज करा."

"किती दिवस लागतात?"

"दीड-दोन वर्षं."

बाईने फाइल मिटली. "एक मात्र करते. तुम्ही आत्ता जे बोललात, ते मी लिहून घेत नाही. लिहिलं तर तुमच्यावर चौकशी लागेल. कार्डावरची नोंद हवालदारांचीच धरते." तिने खरंच उपकार केल्यासारखं म्हटलं, आणि तिच्या दृष्टीने तो होताही. मिस्त्री 'थँक्यू' म्हणाला. चाळीस वर्षं झाली, साहेबाने काहीही दिलं की तोंडातून तेच निघत होतं.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी दोघे थांबले. भोंगा कवळी बसवत होता आणि ती नीट बसत नव्हती. इतके दिवस दाबून ठेवलेला राग मिस्त्रीच्या छातीत भरून आला. श्वासाला जागा नव्हती तिथे रागाला कशी मिळाली कोण जाणे.

"साडेचारशेला पास होतं, लेका," तो म्हणाला. मध्ये थांबला, हवा ओढली. "साडेचारशे फुंकायचं. पाचशे फुंकायचं. सहाशे वीस कुणी सांगितलं होतं तुला?"

भोंग्याने कवळी पुन्हा काढून रुमालात गुंडाळली.

"बाकीच्यांचं हात राखूनच फुंकायचो," तो म्हणाला. "बघ हवं तर त्यांची कार्डं. कुणाचं चारशे साठ, कुणाचं चारशे ऐंशी. तुझं नाव पुकारलं की मला नाही जमायचं रे. तुझ्या नावावर कमी कसं फुंकू?"

मिस्त्रीने कठडा धरला. त्याने दुसरा हात भोंग्याच्या खांद्यावर टाकला आणि दोघे एकेक पायरी उतरू लागले.

खाली बायको बाकावरून उठली. तिने दोघांची तोंडं पाहिली, तरी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले," मिस्त्री एकेक शब्द ओढत म्हणाला, "निवृत्त झालो तेव्हा... माझ्यासारखी छाती... पलटणीत दुसरी नव्हती."

तिने सिलिंडर त्याच्या हातातून घेतला आणि त्याचा काटा पाहिला. घरी पोचेपर्यंत पुरेल एवढी हवा होती.