फटफटीची तहान

मे महिन्याच्या भर दुपारी फटफटीवर बसून औरंगाबादहून कन्नडला जाणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. गयास तसा शहाणा होता. पण कन्नडच्या आठवडी बाजारात त्याचं सायकली दुरुस्त करायचं बस्तान होतं, आणि बाजार काही माणसाची सवड बघून भरत नाही. एरवी तो दिवस उगवायच्या आत निघायचा. त्या दिवशी दौलताबादच्या चढाला चाक पंक्चर झालं आणि ते निस्तरेपर्यंत सूर्य डोक्यावर येऊन बसला.

आणि ऊन तरी कसलं! हँडल धरवेना म्हणून त्यानं मुठींना चिंध्या गुंडाळल्या होत्या. डोकं, तोंड, कान सगळं उपरण्यात बांधून डोळ्यांपुरती फट ठेवली होती, तर त्या फटीतूनच झळा आत घुसत होत्या. लोकांना वाटायचं, काय मजा आहे या गड्याची, वाऱ्यावर चाललाय! वारा कसला डोंबलाचा. जोरात जावं तर तोंड भाजायचं, हळू जावं तर खालून इंजिन मांड्या भाजायचं. खिशात एक कांदा होता. गयासची आई अनवरीबी उन्हाळ्यात त्याला कांद्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही, यावर तिचा फार भरवसा.

फटफटी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची. विलायतेला परत जाताना तो ती मोडकी म्हणून टाकून गेला होता आणि गयासनं हिवाळाभर तिच्यात जीव ओतून तिला चालती केली होती. निजाम सरकारच्या मुलखात तेव्हा फटफटी येतेय म्हटलं की जेवती माणसं ताटावरून उठून वेशीत यायची.

वेरूळ मागं पडलं की नुसता माळ. त्या माळावर सडकेला लागून एक मोठा लिंब, आणि लिंबाखाली मुंजाबा धनगराचं खोपट. तिथं थांबायचं हे गयासचं ठरलेलं. इंजिन तापून लाल व्हायचं, त्याला निवायला वेळ द्यावाच लागायचा. तेवढ्यात मुंजाबाची बायको सुगंधाबाई गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून द्यायची, आणि मुंजाबा फटफटीभोवती हिंडत राहायचा. उभा जन्म मेंढरांत गेलेला माणूस. जे चालतं, धापा टाकतं, तापतं आणि थांबवल्यावर बराच वेळ अंगातून टिकटिक आवाज काढतं, ते जनावर नाही हे त्याला पटायचंच नाही.

"मिया, ह्ये खातंय काय रं?"

"तेल पितंय, मामा."

"आन पानी?"

गयास थट्टेखोर. मागच्या होळीच्या सुमाराला त्यानं चेहऱ्यावर हसू येऊ न देता सांगून टाकलं होतं, "तहान लागते की, मामा. बघा ना कसं धापा टाकतंय. पण मुकं आहे बिचारं, मागणार कसं?"

सुगंधाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. मुंजाबाची एकुलती एक लेक वच्छला, तीही हसली होती. मुंजाबा मात्र हसला नव्हता. त्यानं फटफटीच्या टाकीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

वच्छलाला फटफटीवर बसायचं होतं. दर खेपेला तिचं तेच. "गयासभाई, मला बसवा की एकदा. त्या बाभळीपत्तुर जाऊ न् येऊ." आणि दर खेपेला मुंजाबा ओरडायचा, "गप ये! लगीन जमलंय तुझं. सासरी कळलं मंजी काय म्हंतील?" मग वच्छला नुसतीच सीटवर बसून तोंडानं फटफट आवाज काढायची, आणि गयास म्हणायचा, "आस्ते चला बाई, मेंढरं आडवी येतील."

त्या दिवशी लिंबाखाली कुणी हसत नव्हतं.

गयासनं फटफटी बंद केली न केली तोच मुंजाबा धावत आला. डोक्याला पटका नव्हता. "मिया, पोरगी बग रं. पोरीला ऊन लागलंय."

जवळची विहीर आटली होती. वच्छला सकाळी लांबच्या झऱ्यावर घागर घेऊन गेली होती. पाणी वाटी वाटी भरून घ्यायचं, त्यात दिवस वर आला. घागर घेऊन ती दारापर्यंत आली, खाली नीट उतरवून ठेवली आणि तिथंच बसली. बसली ती आडवीच झाली. आता ती बाजेवर होती. अंग कोरडं, घामाचा टिपूस नाही, आणि हात लावावा तर चटका. तोंडानं काहीबाही बोलत होती, मेंढरं हाकल्यासारखं. सुगंधाबाई तिच्या तळपायांना कांदा चोळत होती आणि रडायचं विसरून गेली होती.

गयासनं खिशातला कांदा काढून तिच्या हातात दिला. दुसरं करण्यासारखं काय होतं? मग म्हणाला, "मामी, कांद्यानं भागायचं नाही. कन्नडच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. फटफटीवर नेतो. दिवस कलायच्या आत पोचवतो."

सुगंधाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. परक्या माणसाच्या पाठीशी, भर सडकेनं, लग्न ठरलेली पोर. मुंजाबानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बसव. माझ्या पटक्यानं बांध पाठीला. भाऊ हायेस तू तिचा."

गयास आणि सुगंधाबाई तिला उचलायला लागले. लुगडं सावरा, पटका दोघांच्या अंगाभोवती घ्या, मान पडतेय तिला आधार द्या. मुंजाबा दारात उभा होता. हात रिकामे, करायला काही नाही. अशा वेळी बापानं काय करावं? ज्याच्या पाठीवर आपली लेक जाणार, त्या जनावराकडं त्यानं बघितलं. ते उन्हातून ऊर फुटेस्तोवर पळत आलं होतं, आणि आता परत तितकंच पळायचं होतं. कुणी त्याला विचारलं होतं का?

दारात वच्छलानं आणलेली घागर होती. अर्धीअधिक भरलेली. मुंजाबानं ती उचलली.

खोपटात गयासला आवाज ऐकू आला. आधी चर्र झालं, तव्यावर पाणी पडावं तसं. आणि त्यात मिसळून बारीकसं टण्ण. कारागीर माणूस तो, त्याला बाहेर जाऊन बघायची गरज नव्हती.  तरी तो पोरीला पाठीशी घेऊन बाहेर आला. फटफटीभोवती वाफ होती, आणि वाफेत मुंजाबा रिकामी घागर छातीशी धरून उभा होता. चेहऱ्यावर जरा समाधान होतं.

"पाजलं रं त्याला," तो म्हणाला. "आता पळल."

गयासनं फटफटी चालू करायला लाथ मारली. पाय नुसताच खाली गेला, आतून काही जोर येईना. परत मारली. परत. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी, इंजिनाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. केसासारखी बारीक, पण तेवढी पुरे. पाठीवर वच्छला पुटपुटत होती. तिचा श्वास त्याच्या मानेला भाजत होता.

"काय झालं?" सुगंधाबाईनं विचारलं.

"चालत नाही," गयास म्हणाला. 

सडकेवर ना गाडी ना बैल. एवढ्या उन्हात कोण बाहेर पडतंय? मुंजाबाचं तट्टू मेंढरांबरोबर पार डोंगराकडं गेलेलं. मग त्यांनी पोरीला सीटवर बसवलं, गयासनं हँडल धरलं, मुंजाबानं मागून रेटा लावला, सुगंधाबाई पदराची सावली पोरीच्या डोक्यावर धरून बाजूनं पळत राहिली. चाकं तर फिरतायत, खांद्यावरून नेण्यापेक्षा बरं, एवढाच हिशेब. खडीत चाक रुतायचं, उचलायचं, पुन्हा ढकलायचं. मुंजाबाची एक वहाण तुटून मागं राहिली, ती घ्यायला तो थांबला नाही. गयासच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि अंधारीत तेच शब्द ऐकू यायचे, त्याचेच, होळीच्या सुमाराचे. मुकं आहे बिचारं, मागणार कसं?

बाभळीपाशी वच्छलाचं पुटपुटणं थांबलं. सुगंधाबाईला आधी कळलं. तिनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "थांबा आता."

तीच बाभळ. तिथपत्तुर जाऊ न् येऊ.

सुगंधाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि मग मात्र जो हंबरडा फोडला, तो ऐकून गयासला वाटलं, आपल्याला धरणीनं पोटात घ्यावं. मुंजाबा रडला नाही. तो फटफटीपाशी उकिडवा बसला.  मग टाकीवर हात ठेवून म्हणाला, "मिया, तुझं जनावर तहानेनं गेलं रं."

गयासनं वर बघितलं.

"मीच चुकलो. तू आलास तवाच पाजाया पायजे हुतं. मी पोरीच्या नादात इसरलो. आन पाजलं तर अर्धीच घागर. कमी पडलं रं त्याला पानी. मुक्या जिवाला काय कळतंय, त्यानं जेवढं व्हतं तेवढं केलं."

कुणी म्हणेल, खरं सांगायला हवं होतं. म्हणणाऱ्यानं त्या बाभळीखाली येऊन सांगून दाखवावं.  गयास म्हणाला, "जुनं झालं होतं, मामा. त्याचा नाही दोष, तुमचाबी नाही."

"नाय, नाय," मुंजाबा म्हणाला. "पानी कमी पडलं."

फटफटी नंतर बैलगाडीत घालून औरंगाबादला गेली. मुंबईहून नवा भाग यायला दिवाळी उजाडली. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गयास कन्नडच्या वाटेला गेलाच नाही, चिकलठाण्याकडं, जालन्याकडं कामं शोधत राहिला. आईनं विचारलं तर म्हणायचा, तिकडचा रस्ता खराब झालाय. पण माणूस किती दिवस तोंड चुकवणार? मुंजाबा तिथं लिंबाखाली बसून वाट बघत असेल, आणि आपण आलो नाही म्हणजे जनावर मेल्याचा राग धरलाय असं त्याला वाटत असेल, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना. उन्हाळा लागल्यावर तो निघाला.

लिंब लांबून दिसला. लिंबाखाली मुंजाबा उभा होता आणि त्याच्यापुढं पाण्यानं भरलेल्या दोन घागरी होत्या. फटफटीचा आवाज ऐकताच त्यानं एक घागर उचलली आणि सडकेवर धावत यायला लागला. वर्षभरात केवढा म्हातारा झालेला. पाणी हिंदकळत होतं, तो धावत होता आणि ओरडत होता, "आलो, आलो! थांब रं, पाजतो आधी!"

 गयासनं फटफटी वळवली आणि आल्या वाटेनं वळणामागं नेली. लांबूनच हात हलवून ओरडला, "आलोच, मामा! किल्ली पडली, शोधून आणतो!" कसली किल्ली आन कसलं काय. वळणाआड एक पळस होता. त्याच्याखाली तो इंजिन निवेपर्यंत बसून राहिला. मग फटफटी हातानं ढकलत लिंबापर्यंत आला.

"दमलं व्हय रं? चालत आणलंस त्याला? शाना हायेस," मुंजाबा म्हणाला आणि दोन्ही घागरी त्यानं फटफटीवर रित्या केल्या. टाकी पुसली, दिवा पुसला. "पी बाबा, पी. पोटभर पी." आणि मग त्याला रडू आलं. लेक गेल्यावर पहिल्यांदा, म्हणे.

तेव्हापासून गयासचं ते ठरून गेलं. वळणाआड पळसाखाली थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, मग ढकलत न्यायचं. बाजाराला उशीर व्हायचा, गिऱ्हाईकं शिव्या द्यायची. देईनात का. त्या माळावर पाण्याला माणसं महाग होती, आणि मुंजाबा फटफटीसाठी रोज त्या लांबच्या झऱ्यावर जाऊन घागरी भरून ठेवायचा. बाजाराचा दिवस नसला तरी भरायचा. न जाणो, अवचित आलं तर.

एका दुपारी पळसाखाली गयास उपरण्यानं वारा घेत बसला होता, तर चाहूल लागली. सुगंधाबाई. डोक्यावर सरपणाची मोळी. तिनं मोळी खाली टाकली आणि फटफटीकडं बघत उभी राहिली. गयास गडबडून उठला. काहीतरी सांगायला हवं होतं, चाकाचं, तेलाचं, कशाचंही. 

 सुगंधाबाई पुढं झाली आणि आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा तळहात इंजिनाला लावला. जरा वेळ तसाच ठेवला.

"निवालं," ती म्हणाली. "आता घिऊन जावा. त्ये वाट बगत्यात."

आणि मोळी डोक्यावर घेऊन ती दुसऱ्या वाटेनं गेली.