उरलेल्या दोन गोळ्या

दवाखान्याच्या औषधखिडकीवर मी बसते, आणि मी तोंडाने फटकळ आहे. माझ्या माघारी मला मोजणीबाई म्हणतात. म्हणोत बापडे. एचआयव्हीची गोळी रोज एक, ठरल्या वेळी. बाटलीत तीस. माणूस अठ्ठाविसाव्या दिवशी येतो, तेव्हा आत दोन उरायला हव्यात. चार निघाल्या की मी त्याची खरडपट्टी काढते.

शिंपीकाकांच्या बाटलीत कायम दोनच. दोन वर्षं झाली. "शिका जरा यांच्याकडून!" मी सगळ्या रांगेला सुनवायचे. काका मान खाली घालायचे. मला वाटायचं, लाजतात.

मागच्या महिन्यात त्यांचा सदरा दोन्ही बाजूंनी आत घेतलेला दिसला. "शिंप्याला काय, घरचंच काम," मी चेष्टा केली. ते हसले नाहीत.

आज त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. गेल्या वर्षी विषाणू सापडतही नव्हता, आता आकडा लाखावर. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेतात ना हे?"

"एकही चुकत नाही," मी ठणकावून सांगितलं.

काका आले. बाटलीत दोन.

"खरं सांगा काका. गोळ्या फेकून देता?"

"नाही हो ताई. एकसुद्धा वाया घालवली नाही." गळ्यातली टेप ते बोटाला गुंडाळत राहिले. "एक दिवस मी घेतो, एक दिवस ही."

"काकूंनासुद्धा आहे?"

"वर्ष झालं. रांगेत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून इथं यायला तयार नव्हती."

"अहो, त्यांना त्यांची वेगळी बाटली मिळाली असती! अर्ध्या औषधानं विषाणू दबत नाही, औषधाला सरावतो. आता या गोळ्या तुम्हालाही लागू पडतील की नाही, देव जाणे. आणि काकूंनाही." माझा आवाज चढला होता. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. दुसऱ्याच महिन्यात." ते हळूच म्हणाले, "पण तुम्ही रांगेसमोर माझं कौतुक केलंत. मग जीभच उचलली नाही."

मी त्यांची बाटली बाजूला ठेवली.

"आज आणलंय तिला," ते म्हणाले.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांचेही कपडे बाजूंनी आत घेतलेले होते, तोच बारीक टाका.