बसवंतप्पांचं मुसकं

मित्रांनो, फडताळात ही करडी पेटी दिसते ना, ती मी. माझ्या पोटात पंखा, पुढे लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांना मी रात्रभर हवा पुरवते.

१९८९ साली विरुपाक्षाने मला अमेरिकेहून बसवकल्याणला आणलं, ते चुलत्यासाठी, बसवंतप्पांसाठी. अप्पा घोरायचे असे, की गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे! मध्येच श्वास थांबायचा. त्यांच्या पत्नी चंद्रम्मा उशाशी बसून तो परत यायची वाट बघत. दिवसा अप्पा पेंगायचे. एकदा तर जीप बाभळीवर गेली. जीव वाचला, पण चंद्रम्मांनी शपथच घेतली, "आता तुमच्या जीपमधी बसनार न्हाई. लेकीकडं उमरग्याला जायाचं ऱ्हायलं तरी चालंल!"

मी आले त्या पहिल्याच रात्री चंद्रम्मांनी माझा मुखवटा अप्पांच्या नाकावर करकचून बांधला. अप्पांनी तो ओढून भिरकावला.

"मी काय मळणीचा बैल हाय? मुसकं कामून बांधायलीस?"

मग मी फडताळात. दसऱ्याला मात्र विभूती लागली, झेंडूची माळ पडली. फार वाईट वाटलं हो! पूजा झाली, काम नाही.

दवाखान्यातली नर्स ईरम्मा सोनं द्यायला आली. माळ बघून खुदकन हसली. "अप्पा, गोऱ्ह्याला पयल्याच दिवशी औताला जुपता का?"

"खुळी का काय! बिचकंल की. आधी जू हुंगू द्यायचं, मग रिकामं जू मानंवर."

"मग सोताला कामून एकदम जुपायलाव?"

अप्पांनी माझ्यावरची माळ काढून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून चहा पिताना मी नुसती त्यांच्या मांडीवर. मग ते मुखवटा आपल्याच हाताने नाकाला लावायचे, दहा श्वास झाले की काढायचे. ईरम्माने सांगितलं होतं, "घाबरं झालं तर खुशाल काढा, पर शांत झालाव की परत लावा." मग पट्टा. मग रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत हवा. मग दुपारची डुलकी. "शाब्बास रे गोऱ्ह्या!" अप्पा स्वतःलाच म्हणायचे. महिन्याभराने ते रात्रभर झोपले, आणि घोरणं ऐकू येईना म्हणून चंद्रम्माच दचकून उठल्या! छातीवर हात ठेवला, श्वास सरळ चालला होता. बाई ढसाढसा रडल्या.

संक्रांतीला त्या उमरग्याला निघाल्या, जीपमध्ये, अप्पांच्या शेजारी. मी चंद्रम्मांच्या मांडीवर. "सावकाश, सावकाश," म्हणता म्हणता त्या गप्प झाल्या. त्यांचं डोकं माझ्यावर टेकलं.

अप्पांनी वेग कमी केला. "नीज गं. लई वर्सं जागलीस."

मित्रांनो, आता माझी नळी पिवळी पडली आहे. एकच मागणं आहे. घरात कुणी नव्याला बिचकत असेल, तर बळजबरी करू नका. आधी जरा हुंगू द्या.