संध्याकाळचं मनगट

गिऱ्हाईक समोर उभं असताना सुनेनं पुन्हा हात पुढे केला, आणि अत्तरवालीनं तो, माशी हाकलावी तसा, वाटेतच बाजूला सारला.

“या दुकानात मनगट एकाचंच पुढे येतं. किती वेळा सांगायचं गं तुला?”

“त्यांनीच मागितलं, आई.”

“मागतील. उद्या गल्ल्याची किल्ली मागतील. देशील?”

सून काही बोलली नाही. हे तर आणखीच वाईट. उलट बोलली असती तर अत्तरवालीला निदान पुढचं वाक्य सुचलं असतं. न बोललेलं वाक्य तिला दिवसभर दाताखाली आलेल्या खड्यासारखं छळायचं.

गिऱ्हाईक म्हणजे नाटकवाली. भरदार आवाजाची, चाळिशी ओलांडलेली बाई. रस्त्यापलीकडच्या नाट्यगृहात संध्याकाळी तिचा प्रयोग असे. काउंटरवर कोपरं टेकून ती सासू-सुनेकडे अशी बघत होती, की हा प्रवेश जणू तिच्यासाठीच लावलाय.

“अहो काकू, मी आपलं सहज म्हटलं. परवा संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही घरात होता. हिच्या हाताला काय वास येत होता! दिवस मावळायला आला तरी जागचा हलला नव्हता. नाहीतर माझं. मेलं पहिल्या अंकातच उडून जातं. दुसऱ्या अंकात नायक माझ्या गळ्यात पडून म्हणतो, तुझ्या सुगंधानं मला वेड लावलंय. आणि त्या बिचाऱ्याच्या नाकात नुसता घाम.”

सून हसली. मागे बाटल्या पुसत असलेला मुलगाही हसला. अत्तरवालीच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला नाही. ‘जागचा हलला नव्हता’ हे शब्द तिच्या छातीत जाऊन पाय पसरून बसले होते.

त्या दुकानाची एक रीत होती, आणि ती तिनंच घातलेली. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन इथे कुणी अत्तर घेत नसे. “बाटलीतला वास म्हणजे पाळण्यातलं पोर, कुणालाही गोडच वाटणार,” असं ती म्हणे. सकाळी काचेच्या काडीनं ती एक थेंब स्वतःच्या मनगटावर ठेवी. गिऱ्हाइकानं तो हुंगायचा, आपल्या कामाला जायचं, आणि संध्याकाळी परत येऊन तेच मनगट पुन्हा हुंगायचं. उरलेलं आवडलं तर घ्यायचं, नाहीतर रस्ता मोकळा. लोक तिला विक्षिप्त म्हणत आणि पुन्हा तिच्याकडेच येत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मुलानं चिकटवल्या होत्या; तिला त्यांची गरज नव्हती. अक्षरं तिला सहीपुरतीच येत. कुठल्या कुपीत काय आहे, हे ती बुचाला बोट लावून सांगे.

पण गेल्या हिवाळ्यापासून मनगटानं दगा द्यायला सुरुवात केली होती. कातडी कागदासारखी झाली होती. ठेवलेला थेंब पिऊन टाकायची आणि मी कुठे काय घेतलं, असा चेहरा करून बसायची. जेवणं आटोपेपर्यंत हात कोरा. एकदा दुपारी, दुकानात कुणी नसताना, तिनं कुपी उचलली होती. बूच अर्धं फिरवलंही होतं. मग स्वतःलाच एक चांगली शिवी हासडून तिनं कुपी जागेवर ठेवली. तेव्हापासून ऊन उतरायला लागलं की ती काहीतरी काम काढून घरात जायची. आणि तिच्या पाठीमागे सुनेचं मनगट गिऱ्हाइकांसमोर यायचं.

आणि मनगट तरी कसलं! लग्नाआधी ही पोरगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिच्या कपाळावरची चकाकी बघून अत्तरवाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली होती, “घरात आता एक टॉवेल जास्त लागणार.” तीच तेलकट कातडी अत्तराला धरून ठेवत होती, मांजरानं उन्हातली जागा धरावी तशी. इतकी वर्षं जपून ठेवून देवानं तिचा टोमणा तिलाच परत केला होता.

“टिकवायचं कसं ते मी सांगते,” ती नाटकवालीला म्हणाली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. “अंघोळ झाली की अंग खडखडीत कोरडं करायचं नाही. ओलसर असतानाच बिनवासाच्या तेलाचं बोट फिरवायचं. नुसतं बोट, तळून काढायचं नाहीये स्वतःला. त्यावर थेंब. कानामागे, गळ्याच्या खळगीत, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे जिथे शीर उडते तिथे. आणि मनगटावर मनगट घासायचं नाही. सगळ्या बायका घासतात. भांडी आहेत का ती? थेंब ठेवायचा आणि विसरून जायचं.”

“आणि पाणी पीत जा,” सून म्हणाली. “कातडी मुळातच कोरडी असली की वरून कितीही लावा.”

सुनेच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. पण नाटकवालीची नजर क्षणभर अत्तरवालीच्या हातांवर येऊन गेली, आणि अत्तरवालीनं ते हात काउंटरखाली घेतले.

“खरं सांगू का, आई,” मुलगा मागून म्हणाला. फडकं बाटलीवर फिरतच होतं. “संध्याकाळची तू हल्ली दमतेस. खुर्चीत ही बसली तर काय बिघडलं? तू मागे बसून सांगत जा.”

काउंटरमागे खुर्ची एकच होती. तिचे हात अत्तरवालीच्या कोपरांनी गुळगुळीत झाले होते. नवरा गेला त्या आठवड्यात ती या खुर्चीत बसली, ती बाळंतपणांची जुनी दुखणी, भावकीची बोलणी, सगळं गिळून बसली. गेल्या हिवाळ्यापर्यंत आजारपणात उठली तेवढीच. मुलगा हे सगळं जाणून होता. तरी फडकं थांबलं नव्हतं.

“मागे बसून,” ती म्हणाली. “बरं. मग आज एक करू. दोन मनगटं, एकच कुपी, एकेक थेंब. या बाई प्रयोगाला जायच्या आधी येऊन हुंगतील. जिच्या हातावर वास उरेल, खुर्ची तिची.”

“आई, असलं काही नको.” सून पटकन पुढे झाली. “मला अजून येतंय काय? कशात काय मिसळायचं ते तुम्ही शेजारी बसून सांगता म्हणून...”

“हात पुढे कर. आता का लाजतेस? मगाशी तर न बोलावता येत होता.”

कुपी तिनं स्वतः निवडली. लिंबू आणि देवदार. ही निवड साधी नव्हती. या जोडीत लिंबू आधी धावत येतं आणि आधी दमतं. ते गेलं की मग देवदार बोलायला लागतो, पाहुणे उठल्यावर घरातलं माणूस बोलतं तसा, सावकाश. कातडीच्या उबेवर लिंबू दुपार बघत नाही. म्हातारीच्या नाही, तरण्याच्याही नाही. तेव्हा संध्याकाळी जिच्या मनगटावर लिंबू सापडेल, तिनं मधेच चोरून पुन्हा लावलं असणार. सुनेच्या हातावर वास इतका टिकतो म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे अत्तरवालीनं मनाशी कधीच पक्कं केलं होतं. नुसत्या कातडीनं कुणी एवढं जिंकतं होय?

तिनं दोन्ही मनगटांवर थेंब ठेवले. सुनेच्या मनगटावर ठेवताना काडी किंचित जास्त जोरानं टेकली.

दुपारी ती मागच्या खोलीत आडवी झाली. स्वेटर नेहमीप्रमाणे खुंटीला होता. ऊन उतरलं की तिला तो लागायचा. डोळे मिटलेले होते, पण कान मिटता येत नाहीत. थोड्या वेळानं पडदा सरकला. पावलं आली, सुनेचीच, टाचा न टेकवता टाकलेली. मग काचेच्या बुचाचा आवाज. असा बारीक, की दुसऱ्या कुणाला उंदीर वाटला असता. अत्तरवालीला कुपीसुद्धा कळली.

तिनं श्वास संथच ठेवला. सापडलीस, सटवे. उठून तिथल्या तिथे हात धरता आला असता. पण मग बघायला कोण होतं? नाटकवालीसमोर सांगायचं. मुलासमोर सांगायचं. काय सांगायचं तेही तिनं पडल्या पडल्या जुळवून ठेवलं: “बाई, लिंबू येतंय ना? मग आमच्या सूनबाईंना विचारा, दुपारी मागच्या खोलीत काय काम होतं.” दोनदा मनात म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी ‘सूनबाईंना’वर थोडा जोर दिला. किती तरी महिन्यांत तिला इतकी छान झोप लागली नव्हती.

नाटकवाली आली ती अर्धा चेहरा रंगवून. एक भुवई काढलेली, दुसरी राहिलेली.

“चला, लवकर दाखवा. आमचा रंगवणारा बोंब मारतोय.”

“आधी हिचं बघा,” अत्तरवाली म्हणाली. स्वेटरमध्ये ती खुर्चीत ताठ बसली होती.

सुनेनं हात पुढे केला. नाटकवालीनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

“लिंबू गेलं,” ती म्हणाली. “साफ गेलं. पण लाकूड काय बसलंय गं! नव्या कपाटात तोंड घातल्यासारखं वाटतंय.”

जुळवून ठेवलेलं वाक्य अत्तरवालीच्या जिभेवर येऊन तसंच उभं राहिलं. तिनं सुनेकडे बघितलं. सून काउंटरवरचा, नसलेला डाग अंगठ्यानं पुसत होती.

“काकू, तुमचं?”

अत्तरवालीनं हात पुढे केला. नाटकवाली वाकली, आणि अर्ध्या रंगवलेल्या चेहऱ्यावर पूर्ण आश्चर्य पसरलं.

“अगंबाई! इथे तर सकाळच आहे अजून! लिंबूसुद्धा तसंच्या तसं! ऐकलंत का हो,” ती मुलाकडे वळली, “आईला कुठे मागे बसवताय? खुर्ची काकूंचीच. मला यातली मोठी कुपी द्या.”

मुलानं कुपी बांधून दिली. बाईंना रस्ता ओलांडून देतो म्हणून तो त्यांच्याबरोबर बाहेर पडला. जाताना त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन जरा जास्त होतं. हरलेल्या माणसाचा असतो तसा.

दुकानात दोघीच राहिल्या.

अत्तरवालीनं स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली आणि मनगट नाकाशी नेलं. कोरं. नुसतं म्हातारं माणूस आणि साबण. मग तिनं बाहीची कड उलटी केली. आतल्या बाजूला, लोकरीवर, नखाएवढा तेलकट डाग. आणि त्यातून लिंबू, कोवळं, ठसठशीत, सकाळी बुचातून निघालं तसं. खुंटीवरच्या लोकरीला ना अंगाची ऊब, ना घाम. तिथे त्याला दमायचं कारणच नव्हतं.

ती बराच वेळ बाहीची कड चिमटीत धरून बसली. चाळीसेक वर्षं लोकांना मनगट हुंगायला दिलेली बाई, आणि आज तिनं बाही हुंगायला दिली होती.

“चहा टाकते, आई,” सून म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

“चहा पळून जात नाही. इकडे ये.”

सून आली. अत्तरवालीनं तिचा हात धरला आणि वर ओढला, डॉक्टर ओढतात तसा, विचारल्याशिवाय. इतक्या दिवसांत हे मनगट सगळ्या गावानं हुंगलं होतं. तिनं स्वतः एकदाही नाही. तिनं डोळे मिटले. देवदार होता. खोल, शांत, कुठेही तुटलेला नाही. खोट काढायला तिनं पुन्हा श्वास घेतला. खोट सापडली नाही, आणि पोटात जे दुखायचं ते दुखलंच. ते काही इतक्यात थांबणार नव्हतं.

हात न सोडता ती खुर्चीतून उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

“बस.”

“आई, अहो, त्या म्हणाल्या ना...”

“ती नाटकवाली आहे. तिला खोटंच आवडायचं. बस म्हणते ना.”

सून खुर्चीच्या अगदी टोकाशी टेकली, पाहुणी बसते तशी. तिचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती खाली बघत होती. अत्तरवालीनं तिला खांद्याला धरून मागे सरकवलं, पाठ लाकडाला टेकेपर्यंत. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि मागे नव्हे, खुर्चीच्या अगदी शेजारी आणून त्यावर बसली. बाही खाली ओढून घेतली.

“मनगट चांगलं आहे तुझं,” ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. “लबाडी मात्र अगदीच कच्ची. बाहीला नुसता देवदार लावायचा होतास, मूर्खे. संध्याकाळी लिंबू कुणाच्या हाताला येतं का?”